विश्लेषण : टक्कल पडले की हसायचे, की विचारपूस करायची? शेगावची केसगळती आणि वाशिमचे तरुण

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज आणि मग तीन-चार दिवसांत टक्कल. पाहता पाहता १८ गावांतील २७९ जण बाधितांच्या यादीत आले. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असले तरी वाशिमकरांना ते परके नाही. गजानन महाराजांची पालखी मालेगाव, शिरपूर, रिसोडवरूनच पंढरपूरला जाते. त्यामुळे ‘आपल्याकडेही येईल का?’ ही भीती इथे असणे स्वाभाविक होते.

कारण शोधले, पण मनाचे काय?

आरोग्य पथके आली, पाण्याचे नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञही गावात पोहोचले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. अनेकांचे केस पुढे परत आले.

डॉ. बावस्कर यांनी आणखी एक गोष्ट मांडली होती, ती मात्र मागे पडली. बाधितांत कॉलेजचे विद्यार्थी आणि तरुण मुली बऱ्याच होत्या. शिक्षण थांबले, काहींची ठरलेली लग्ने मोडली, लाजेपोटी अनेकांनी डोके भादरून घेतले. आपल्याकडे भादरलेले डोके दिसले की पहिला प्रश्न येतो, ‘घरात कोण गेलं?’ त्या प्रश्नाला रोज उत्तर देणे काय असते, याची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेच्या अहवालात होत नाही.

एकट्याचे केस गेले तर?

गावाचे केस गेले तेव्हा तो आजार ठरला. वाशिम, कारंजा किंवा मंगरुळपीरच्या कॉलेजातील एखाद्या विशीतल्या मुलाचे केस कपाळावरून मागे सरकतात, तेव्हा तो विनोद ठरतो. टकल्या, चांदोबा, विमानतळ अशी नावे पडतात. चिडवणारे बहुधा जवळचेच मित्र आणि काका-मामा असतात, म्हणून रागावताही येत नाही. बाईचे केस गळले तर घरात निदान काळजीने विचारतात. पुरुषाने त्याबद्दल वाईट वाटून घेतले तर ‘पोरीसारखा आरशात काय पाहतो?’ हे ऐकावे लागते. दुःख केस गेल्याचे असतेच. पण ते बोलून दाखवायची सोय नाही, ही खरी अडचण आहे.

आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. तिच्याखाली किती केस आहेत, हे कुणी विचारत नव्हते. आता बायोडाट्याच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागितला जातो. शेती करणाऱ्या मुलाला आधीच स्थळ मिळणे अवघड. त्यात तिशीच्या आत टक्कल. नाकारण्याचे कारण कुणी तोंडावर सांगत नाही, पण मुलगा ते स्वतःच ठरवून टाकतो. मग लग्नकार्यात न जाणे, ग्रुप फोटोत मागे उभे राहणे, उन्हाळ्यातही घरात टोपी न काढणे सुरू होते.

शरीरात नेमके काय होते?

पुरुषांतील नेहमीचे टक्कल शेगावपेक्षा वेगळे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी हे संप्रेरक तयार होते. आनुवंशिकतेने ज्यांची केसमुळे त्याला संवेदनशील असतात, त्यांची मुळे आक्रसत जातात. हा वारसा आई आणि वडील दोघांकडूनही येतो. हेल्मेट, बोअरचे पाणी किंवा ‘फार विचार करतो’ ही त्याची कारणे नव्हेत. मोठा ताप, टायफॉइड किंवा जबर मानसिक धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात, तो प्रकार निराळा. ते केस बहुतेक वेळा परत येतात. कोणता प्रकार आहे, हे त्वचारोगतज्ज्ञच सांगू शकतो, रीलमधला तेलविक्या नव्हे.

उपचारातही मन का पाहावे लागते?

मिनॉक्सिडिल लावल्यावर सुरुवातीला केस जास्तच गळू शकतात आणि फरक दिसायला किमान तीन-चार महिने जातात. हे आधी न सांगितल्यामुळे घाबरून बाटली फेकून देणारे कमी नाहीत. फिनास्टेराइडचे प्रकरण अधिक गंभीर आहे. आत्महत्येचे विचार येणे हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. तो किती जणांत दिसतो, हे निश्चित झालेले नाही. तरी आधीच खचलेल्या मुलाने मित्राच्या सांगण्यावरून, चिठ्ठीशिवाय ही गोळी घेणे धोक्याचे आहे. ती लिहून देणाऱ्याने ‘झोप लागते का, उदास वाटते का?’ हे विचारायलाच हवे. त्याला दोन मिनिटे लागतात. शेगावच्या गावांत गेलेल्या पथकांसोबतही समुपदेशक असणे तितकेच गरजेचे होते.

घरच्यांनी टोपीपेक्षा वागण्यातील बदल पाहावा. मुलगा जेवणावरून उठून जातो, कॉलेज टाळतो, मरणाच्या गोष्टी बोलतो, तर ते केसांचे खूळ समजू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.