डाग दिसला की फवारा? जरा थांबा!

घरातल्या ऑर्किडच्या पानावर डाग दिसला की दुकानदार बुरशीनाशक देतो अन् आपण मारतो. हे निदान नव्हे, अंदाजपंचे दाहोदरसे! पाणचट, मऊ, झपाट्यानं पसरणारा डाग बहुधा जिवाणूचा; तिथं कार्बेन्डाझिम काय करणार? डाळिंबाचा तेल्याही जिवाणूचाच, तरी बुरशीनाशकात पैसा घालतोच ना आपण? उन्हाकडच्या बाजूला कोरडा, पांढुरका, न वाढणारा चट्टा म्हणजे ऊन लागलंय; औषध नको, सावली द्या. बुरशीचा डाग बहुधा कोरडा, पिवळ्या कडेचा, सावकाश वाढणारा.

डाग पसरतोय? कुंडी वेगळी ठेवा, निर्जंतुक पात्यानं थोडा हिरवा भाग घेऊन कापा. पाणी सकाळी, मुळाशीच. पोंग्यात थेंब नको, हवा खेळती ठेवा.

आधी पान वाचा, मग बाटली उघडा.