दुपारी बारा ते चार माणसाला गच्चीवरून खाली उतरवा

नवतपा लागायला आता फार दिवस उरलेले नाहीत. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की 25 मेच्या आसपास हे नऊ दिवस सुरू होतात. विदर्भात त्यांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. त्याआधी हे तुमच्या वाचनात यावं आणि जमलं तर तुमच्या हातून दोन-तीन फोनही व्हावेत, म्हणून ही घाई.

आधी माझीच चूक सांगतो. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकून घ्यायचं, हा आपला नेहमीचा शिरस्ता. मीही ऐन मे महिन्यात मिस्त्री लावला. काम सुरू व्हायलाच सकाळचे दहा वाजले. खाली माझा कूलर जोरात, वाळ्याचा वास घरभर. दीडच्या सुमारास पाण्याची बाटली घेऊन वर गेलो, तर चपलेतूनही चटका बसत होता. मिस्त्री उकिडवा बसून एकाच भेगेवर थापी फिरवत होता. ती भेग भरून केव्हाच झाली होती.

"सावलीत या भाऊ," मी म्हटलं.

"मले काई नाई होत. सवय हाये."

जीभ जड झाली होती. उठायला गेला आणि टाकीला धरून तिथेच बसला. मग मी काय करावं? त्याच्या तोंडाला बाटली लावली. तो ठसकला, पाणी नाकातोंडातून बाहेर आलं. शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या पलीकडच्या गच्चीवरून ओरडल्या, "पाजू नका, अंगावर ओता!" गच्चीवरच्या टाकीचं पाणी भर दुपारी हात लावण्यासारखं नसतं. शेवटी खालच्या कूलरच्या टाकीतलं पाणी बादल्यांनी वर नेलं, जिन्याच्या सावलीत त्याला आडवा केला, अंगावर पाणी ओतत राहिलो आणि पुठ्ठ्याने वारा घातला. 108 ची गाडी येईपर्यंत तो डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला होता. आठ दिवसांनी उरलेले पैसे न्यायला आला तेव्हा त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. अवघडायला हवं होतं मला.

त्या दिवसापासून 'सवय आहे' हे दोन शब्द माझ्या डोक्यात बसलेत. आम्हा नागपूरकरांना उन्हाचा एक वेडा अभिमान असतो. 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला, तो आकडा आम्ही एखाद्या शतकवीराच्या धावांसारखा सांगतो. 2024 च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले, तर ते यंत्र बिघडलंय हे हवामान खात्याने सांगेपर्यंत निम्म्या गावाने तो फोटो पुढे पाठवला होता. कौतुकानेच!

शरीर उन्हाला सरावतं, हे खरं आहे. पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्यालाही मर्यादा असते. म्हणून गावाकडे लग्नाला जाऊन महिन्याभराने कामावर परतलेला मजूर पहिल्या चार-पाच दिवसांत सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्याला नेमकं त्याच दिवसांत "एवढे दिवस सुट्टी झाली ना, आता भरून काढ" असं सांगितलं जातं.

आणि आपल्या वाडवडिलांची 'सवय' नेमकी होती कशाची? गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबं पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत ओझी घेऊन घरी येतात आणि दुपारी सावलीत बसून पानांचे पुडे बांधतात. मराठवाड्यातल्या माळवदाच्या जाड मातीखाली दुपार काढायची आणि रात्री त्याच माळवदावर गोधडी टाकायची. गोव्यात दुपारी एकला दुकानाचं फळकूट ओढलं जातं. बाहेरचे त्याला आळस म्हणतात, ते काय शहाणपण आहे ते मेमध्ये म्हापशाच्या बाजारात उभं राहिलं की कळतं. कोकणात चिऱ्याच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर आणि गार पडवी. स्पेनच्या अंदालुसियात भर दुपारी खिडक्यांची दारं लोटलेली असतात आणि रस्ते ओस पडतात. पन्हं, कोकम, ताक, आंबील, अंबाडीचं सरबत, डोक्याला बांधलेला दुपट्टा हे सगळं आहेच, असावंच. (खिशातल्या कांद्याने मात्र काही होत नाही, तो भाकरीबरोबर खावा.) पण या सगळ्या मुलखांनी मुळात एकच गोष्ट केली: दुपारी काम थांबवलं. थांबण्याची मुभा ज्याच्याकडे नाही, त्याला कसली सवय असणार?

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हा विदर्भाचा प्रश्न म्हणून पान उलटू नये. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. कूलरही त्याच तत्त्वावर चालतो. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, त्यामुळे किनारपट्टीवर 37-38 अंशही जिवावर बेततात. 16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. लाखो माणसं उघड्यावर बसली होती. 14 जणांचा जीव गेला. त्यानंतर दुपारी 12 ते 5 उघड्यावर कार्यक्रम नकोत, असं सरकारने जाहीर केलं. पण उघड्यावरच्या कामाचं काय?

अहमदाबादने 2010 च्या मे महिन्यात ही किंमत मोजली. एरवीच्या मे महिन्यापेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले, असं पुढे अभ्यासकांनी मोजून दाखवलं. त्या शहराने 2013 मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्यातली साधनं अगदी साधी आहेत: आदल्या दिवशी इशारा, पाणपोया, दवाखान्यांची तयारी आणि पुढे झोपड्यांच्या पत्र्यांवर पांढरा रंग. ज्या आखाती देशांत आपली माणसं मजुरीला जातात, तिथेसुद्धा याचा कायदा आहे. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेता येत नाही. कतारमध्ये 1 जूनपासून सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. केरळचं कामगार खातंही उन्हाळ्यात दुपारच्या कामाच्या वेळा बदलून देतं. आपण कायद्याची वाट बघायची गरज नाही. काम आपलं, घर आपलं, पैसे आपले. वेळही आपणच ठरवतो.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. नवतप्यात आणि त्यानंतर पाऊस येईपर्यंत बारा ते चार कुणालाही उन्हात राबवू नका. गच्ची, रंगकाम, टाकी धुणं, विहीर, स्लॅब, काहीही असो, पहाटे सहाला सुरू करा, अकराला थांबवा, उरलं तर संध्याकाळी. शेजाऱ्यांना सकाळी आवाजाचा त्रास होईल, होऊ द्या. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी वॉचमनच्या पत्र्याच्या खोपटात एकदा दुपारी अर्धा तास स्वतः बसून बघावं. मग पंख्याचा आणि छपरावरच्या पांढऱ्या रंगाचा ठराव एका बैठकीत मंजूर होईल. दोन वाजता आइस्क्रीमची ऑर्डर देताना ते घेऊन कोण येणार आहे, याचा विचार करा. ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी वरात संध्याकाळी काढावी. भर दुपारी जाड कोट घालून ट्रम्पेट वाजवणाऱ्या बँडवाल्याचा चेहरा कधी नीट पाहिलाय?

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं. बांधकामावरच्या बाया पाणी मुद्दाम कमी पितात, कारण जायला आडोसा नसतो. पाण्याचा कॅन ठेवून तिथला प्रश्न सुटत नाही. काम तुमच्या घराचं असेल तर घरातलं संडास-बाथरूम त्यांना वापरू द्या आणि तसं त्यांना तोंडाने सांगा. सांगितल्याशिवाय त्या विचारणार नाहीत.

एवढं करूनही कुणाला ऊन लागलंच तर काय करायचं, ते नर्सबाईंनी मला नंतर समजावलं. माणूस असंबद्ध बोलतोय, लडखडतोय, अंग तापलंय, एवढं दिसलं की तो उष्माघात समजायचा. घाम थांबण्याची वाट बघायची नाही, कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही घाम येत असतो. 108 ला फोन करायचा, पण गाडी येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. सावलीत आणायचं, कपडे सैल करायचे, असेल ते पाणी भरपूर ओतायचं, वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवायचा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. क्रोसिनने हा ताप उतरत नाही. शुद्धीत असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यायचं. चमचा चहाचा.

आता शेवटचं, पैशाचं. काम अकराला थांबवलं आणि रोजी अर्धी दिली, तर मिस्त्री थांबणार नाही. तो मला म्हणाला तसंच तुम्हालाही म्हणेल, "मले काई नाई होत." तेव्हा आज संध्याकाळीच तुमच्या ठेकेदाराला फोन लावा. उद्यापासून काम पहाटे सहाला सुरू होईल, अकराला बंद होईल आणि हजेरी पूर्ण दिवसाची लागेल, एवढं त्याला सांगा.