सुटलेल्या माणसाला रोजी कोण देणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दुकानावर एक तरुण कामासाठी आला. कापडाची पारख चांगली, हिशेब तोंडपाठ, बोलणे अदबीचे. उठता उठता तो स्वतःहून म्हणाला, "चाचा, एक गोष्ट आधीच सांगतो. मोहल्ल्यातल्या मारामारीत माझे नाव आले होते. कोर्टातून सुटलो आहे." मी म्हणालो, "ठीक आहे, आठवड्याभरात कळवतो." मी कळवले नाही. ज्याला त्या जागी ठेवले, त्याला असले काही विचारलेही नव्हते. म्हणजे सजा मिळाली ती खरे बोलल्याची. ही गोष्ट अजून मनाला बोचते, म्हणून हे चार शब्द.

आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे की एकदा पोलीस ठाण्यात नाव लागले की सरकारी नोकरी, पासपोर्ट, परवाना, सगळे दरवाजे बंद. कायदा तसे म्हणत नाही. गुन्हा नोंदला जाणे वेगळे, खटला चालू असणे वेगळे आणि शिक्षा होणे वेगळे.

सरकारी नोकरीचे पाहा. दिल्ली पोलिसांतील हेड कॉन्स्टेबलच्या भरतीत एका उमेदवाराने जुना मारामारीचा खटला अर्जात लपवला होता. तो खटला तडजोडीने मिटून तो सुटलेला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तरुण वयातील किरकोळ चुकीसाठी माणसाला जन्मभर गुन्हेगार ठरवू नये, असा त्याचा आशय होता. पुढे २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियमच घालून दिले. अर्जात विचारलेली माहिती खरीच द्यावी. पण लपवलेली बाब अगदी क्षुल्लक असेल तर अधिकारी ती माफ करू शकतो. मात्र खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे, असा हक्क त्याने मिळत नाही. अधिकाऱ्याने सारासार विचार करून ठरवायचे आहे.

१९५८ चा प्रोबेशनचा कायदा तर आपल्या लोकांना ठाऊकच नाही. न्यायालयाने गुन्हेगाराला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, तर शिक्षेमुळे येणारी कायदेशीर अपात्रता कलम १२ प्रमाणे त्याला लागत नाही. नोकरीत असलेल्यावर खाते कारवाई करू शकते, एवढी मर्यादा आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीतही २०१५ च्या बालन्याय कायद्यात अशीच तरतूद असून, त्यातून मुख्यतः सोळा वर्षांवरील मुलांचे काही अतिगंभीर गुन्हे वगळले आहेत.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी पासपोर्टचा प्रश्न मोठा. नुसता गुन्हा नोंद झाला, तपास चालू आहे, एवढ्यावरून खटला प्रलंबित धरायचा नाही. न्यायालयाने दखल घेतलेली असली पाहिजे, असे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. खटला चालू असला तरी १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. आणि नकार दिला तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवायची आहेत. एजंटाच्या हाती पैसे कोंबण्याआधी वकिलाला विचारावे.

हे झाले सरकारी दरवाजाचे. खासगी मालकाने जुन्या खटल्यावरून कोणाला नाकारू नये, असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. तिथे फक्त मालकाचा इमान आहे. आणि मालक म्हणजे तुम्ही-आम्हीच. यंत्रमागवाला, बेकरीवाला, गॅरेजवाला, कापड दुकानदार.

२०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत चारपैकी सुमारे तीन कैदी असे होते की ज्यांचा निकालच लागला नव्हता. २००६ च्या मालेगाव स्फोटांत धरलेल्या आपल्या तरुणांपैकी बहुतेकांची पाच वर्षे गजाआड गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना त्या खटल्यातून मुक्त केले. असे निकाल लागले की आपण सभा घेतो, इन्साफ झाला म्हणतो. पण सुटून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काम मागायला आला की आपलीच मान खाली जाते.

कोणी म्हणेल, गल्ला ज्याच्या हाती द्यायचा त्याची चौकशी करायची नाही काय? जरूर करावी. अफरातफरीत शिक्षा झालेल्याला लगेच तिजोरीची किल्ली द्या, असे मी म्हणत नाही. पण गुन्हा काय, निकाल काय, वर्षे किती लोटली आणि काम कोणते, एवढे चार प्रश्न विचारावेत. गल्ल्यावर नको तर मालाच्या कपाटावर ठेवा, मागावर ठेवा.

तरुणांनाही सांगणे आहे. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढून जपून ठेवा. अर्जात विचारले असेल तर लपवू नका. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर वकील मोफत मिळतो.

हजरत फुझैल बिन अयाज आधी वाटमारी करीत, असे चरित्रकार लिहितात. तौबेनंतर लोकांनी त्यांच्याकडून दीन शिकला. तौबेचा दरवाजा अल्लाहने उघडा ठेवला आहे. दुकानाचा दरवाजा बंद करणारे आपण कोण? तो तरुण आता कुठे आहे, मला माहीत नाही. पण त्याच्यासारखा दुसरा आला, तर या वेळी मी आठवडा मागणार नाही.