'ड्विंडल' म्हणजे नुसतं 'कमी होणे' नव्हे

इंग्रजीचा नवा शब्द आला की आपण फळ्यावर एक मराठी अर्थ लिहून मोकळे होतो. 'डिक्रीज' म्हणजे कमी होणे, 'रिड्यूस' म्हणजे कमी करणे आणि 'ड्विंडल' म्हणजे पुन्हा कमी होणेच! मग मुलांनी तीन शब्द पाठ कशाला करायचे? माझं स्पष्ट मत आहे की, असा शब्द शिकवताना आधी मुलांच्या तोंडची मराठी बाहेर काढावी.

नेरे गावातल्या मुलांना विचारा, उन्हाळ्यात कासारसाई धरणाच्या पाण्याचं काय होतं? 'आटत जातं.' हिंजवडीत आयटी पार्क आल्यावर आसपासच्या भातखाचरांचं काय झालं? 'कमी कमी होत गेली.' या 'होत जाणे' मध्येच ड्विंडल आहे. हळूहळू, थोडं थोडं करून, शेवटी अगदीच थोडं उरेपर्यंत घटणं. सेलमध्ये किंमत एका दिवसात निम्मी झाली, तर ते ड्विंडल नाही. पाणी आटतं, पट रोडावतो, गर्दी ओसरते. इंग्रजीत तिन्हींना ड्विंडल चालतं.

आता वापर बघू. हे अकर्मक क्रियापद आहे. 'द वॉटर ड्विंडल्ड' बरोबर. 'आय ड्विंडल्ड माय एक्सपेन्सेस' चूक, तिथे 'रिड्यूस्ड' हवं. किती उरलं ते सांगताना पुढे 'टू' येतं: 'द नंबर ड्विंडल्ड टू टेन', म्हणजे संख्या घटत घटत दहावर आली.

पण अकर्मक क्रियापदात एक गोम असते. त्यात कर्ता दिसतच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण पुढे आलं. अशा बातम्यांत 'ड्विंडलिंग एनरोलमेंट' हा शब्द हमखास भेटतो. जणू पट आपोआपच आटला! कामासाठी गाव सोडणारी कुटुंबं, इंग्रजी माध्यमाची ओढ, शिक्षकांच्या रिक्त जागा, हे सगळं त्या एका शब्दामागे झाकलं जातं. कारणच दिसलं नाही, तर शाळा बंद करणं हाच सोपा उपाय वाटू लागतो.

म्हणून शिक्षक मित्रांनो, हा शब्द शिकवताना मुलांना दोन प्रश्न जरूर विचारायला लावा: काय कमी होत गेलं? आणि कशामुळे? पहिल्या प्रश्नाने शब्द कळेल, दुसऱ्याने बातमी वाचता येईल.