सक्त मनाई आहे!

मराठवाड्यातल्या कोणत्याही बंधाऱ्यावर जा, दोन गोष्टी दिसतील. एक पाणी, आणि दुसरा गंजका पत्रा: 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' पाणी दरवर्षी असेलच असे नाही. पत्रा मात्र बारमाही.

या दिवाळीच्या सुट्टीतही नांदेड-लातूरकडची कितीतरी कुटुंबे फराळाचे डबे घेऊन त्या पत्र्याखालीच सतरंजी अंथरतील. मुले पाण्यात उतरतील. त्यांतले एखादे वर आले नाही, तर दुसऱ्या दिवशी साहेब सांगतील, "आम्ही फलक लावला होता." माझे भांडण या एका वाक्याशी आहे. हा फलक बुडणाऱ्यासाठी नसतोच मुळी. तो पुढे होणाऱ्या चौकशीसाठी असतो.

मनाई हे आपल्या राज्यकारभाराचे लाडके औषध. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी नव्हते, म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुले होती; आणि पुणे जिल्ह्यात पुन्हा मनाई हुकूम निघाले. पाणी नसले तरी बंदी, असले तरी बंदी! मग माणसाने पाण्याजवळ जावयाचे तरी केव्हा?

शहाणी मंडळी म्हणतात, ही उनाड पोरांची मस्ती आहे. असेलही. पण ज्याने आपल्या गावाचे पाणी आगगाडीतून उतरताना पाहिले, त्याला मांजरा भरून वाहत असताना घरात बसवेल काय? आमच्याकडे नदीला पूर आला की आजीसुद्धा ओटी भरावयास निघते. तिलाही उनाड म्हणावयाचे का?

बरे, बंधारा मारतो कसा, हे त्या पत्र्यावर कधी लिहिलेले असते? मोठ्या धरणाची माणसाला भीती वाटते. दीड पुरुष उंचीच्या बंधाऱ्याची वाटत नाही, आणि घात तिथेच होतो. भिंतीवरून पडणारे पाणी थेट तळाशी जाते. तळाहून ते उसळून वर येते, पण सगळेच पुढे वाहत नाही. त्यातले काही मागे, भिंतीकडेच वळते. वरून दिसतो नुसता पांढरा फेस. त्या फेसात हवा मिसळलेली असते, म्हणून ते पाणी माणसाला धड तरंगवीत नाही. पोहणारा काठाकडे हात मारतो, पाणी त्याला भिंतीकडे ओढते, वरची धार त्याला खाली दाबते; पुन्हा वर, पुन्हा मागे. पट्टीचा पोहणाराही थकतो. मग काठावरचा भाऊ उडी घेतो, त्याच्यामागून मामा. एकाला वाचविताना दुसराही गेला, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो ते यामुळे. वरच्या अंगाचे पाणी तरी भरवशाचे आहे काय? कोल्हापुरी बंधाऱ्याला फळ्या घालतात त्या पावसाळा संपल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास. एखाद्या मोरीतली फळी निघालेली असली तर वर पाणी शांत दिसते आणि आत ओढ जबर असते. शिवाय वाळू उपशाचे खड्डे! एक पाऊल गुडघाभर पाण्यात, दुसरे दोन पुरुष खोल.

कायदा आहे, धरण सुरक्षेचा, २०२१ सालचा. पण तो पंधरा मीटरांहून उंच धरणांचा, आणि दहा ते पंधरा मीटरांतल्या, काही अटींत बसणाऱ्या धरणांचा. आमची पोरे डुंबतात तो बंधारा त्या मापात भरतच नाही. शिवाय कायद्याला मुख्य काळजी भिंत फुटण्याची. तीही खोटी नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, आणि मंत्रिमहोदयांनी दोष दिला खेकड्यांना. पण न फुटलेली भिंतही माणूस मारते. तिचा खेकडा कोणता?

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिले. महाराष्ट्र आणि आंध्र यांचे भांडण होते, म्हणून तारखा ठरल्या. सरकारांना आगाऊ कळते ते खालच्या गावात धुणे धुणाऱ्या बाईला का कळू नये? लहान बंधाऱ्याच्या फळ्या काढण्यापूर्वी दवंडी पिटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

आणि पोहणे? पूर्वी पाठीला वाळका भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून बाप पोराला विहिरीत ढकली. आठ दिवसांत पोर पोहू लागे. विहिरी आटल्या, बोअर आले. बोअरमध्ये कोणी पोहावयास शिकत नाही. वर्गात विचारून पाहावे: गोदावरीचा उगम सगळे सांगतात, पोहता येणारे हात मोजकेच वर होतात, मुलींचे तर नाहीच म्हणा ना.

मागणे काही मोठे नाही. भिंतीपासून दूर, तळ तपासून, पायऱ्यांचा एक घाट. खांबाला टांगलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब. पाणी सोडण्यापूर्वी भोंगा. आणि ज्या भोयांना प्रेत काढण्यासाठी बोलावता, त्यांच्यातल्याच एकाला मजुरी देऊन सुट्टीच्या दिवसांत काठावर बसवा.

साहेब म्हणतील, "घाट बांधला तर परवानगी दिल्यासारखे होईल, काही झाले तर जबाबदारी आमच्यावर येईल." अगदी बरोबर, साहेब! ती यावी एवढ्याचसाठी हे सारे लिहिले.

तोवर, वाचकहो, बंधाऱ्यावर जाणारच असाल तर फराळाच्या पिशवीत एक लांब दोर टाका. कोणी त्या फेसात सापडलाच तर उडी घेऊ नका. दोर फेका, साडी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेका.