जुन्या वेबची हळहळ

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इंटरनेट वापरू लागलेली माणसे एकत्र जमली की एक सूर हमखास लागतो. "खरे इंटरनेट आमच्या वेळचे! आता उरला तो नुसता बाजार." मोडेमची ती खरखर, पडद्यावर रेघेरेघेने उतरणारे चित्र, कुणा हौशी माणसाने ताऱ्यांविषयी किंवा तिकिटांच्या संग्रहाविषयी स्वतः रचलेले पान, हे सारे आठवून ती हळहळतात. मीही त्यांतलाच आहे. पण भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याने हळहळीचेही मोजमाप करावयास हवे.

त्या काळचा एक सामान्य मोडेम सेकंदाला फार तर २८,८०० बिट आणीत असे. १०० किलोबाइटचे चित्र म्हणजे सुमारे ८ लाख बिट. भागाकार करा, जवळजवळ २८ सेकंद झाले. आज २ मेगाबाइटचे पान कोणी जड म्हणत नाही. त्या मोडेमवर त्याला सव्वानऊ मिनिटे लागली असती! मराठी पानाची कथा तर विचारूच नका. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक संकेतस्थळाचा टंक वेगळा. तो आपल्या संगणकात नसला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागले तेच मुळी १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि तेही ज्याच्या घरी टेलिफोन आणि संगणक दोन्ही आहेत त्याला. तेव्हा ते दिवस मोजक्यांचे होते, हे आम्ही हळहळणाऱ्यांनी कबूल केले पाहिजे.

मग काहीच हरवले नाही काय? हरवले, पण आम्ही समजतो त्याच्याही आधी. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान वाचता येई आणि तेथेच लिहिताही येई. वाचक आणि लेखक असा भेदच त्यात नव्हता. परंतु हा प्रोग्राम फक्त नेक्स्ट नावाच्या महागड्या संगणकावर चाले. म्हणून निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने कोणत्याही संगणकावर चालेल असा साधा ब्राउझर तयार केला. (ती तेव्हा पदवीचे शिक्षणच घेत होती, हे लक्षात ठेवा.) त्यात फक्त वाचता येई. १९९३ मध्ये आलेल्या मोझेकने वेब घरोघर पोहोचविले, पण तोही वाचण्यासाठीच. म्हणजे अधिक लोकांपर्यंत जाण्यासाठी लेखणी मागे ठेवावी लागली. हा सौदा मला तरी चुकीचा वाटत नाही.

आज प्रत्येकाच्या हाती पुन्हा लेखणी आली आहे, असे तुम्ही म्हणाल. आली खरी; पण वही दुसऱ्याची आहे. तुमचे लिखाण कोणापुढे यावे, कशाच्या खाली यावे, हे कंपनीचा प्रोग्राम ठरवितो. आमच्या वेळीही पुष्कळांची पाने जिओसिटीजसारख्या कंपनीच्या जागेवरच होती. २००९ मध्ये याहूने ती सेवा अमेरिकेत बंद केली आणि ज्यांची प्रत कोणी काढून ठेवली नव्हती ती पाने गेली. असो.

माझी खरी हळहळ आहे ती एवढ्याचसाठी की पान कसे बनते हे तेव्हा उलगडून पाहता येई, आणि पाहून करता येई. ती सोय अजून शाबूत आहे. बहुतेकांना ठाऊक नाही, इतकेच. सर्नने आपल्या पहिल्या संकेतस्थळाची जुनी प्रत २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली. शाळेच्या संगणकावर ती उघडा, पानावर उजवे बटण दाबा आणि त्याचा मूळ मजकूर पाहा. तासाभरात तुमच्या शिक्षकांसह तुम्हांला तो समजेल. नंतर तुमच्या आवडीच्या एखाद्या आधुनिक संकेतस्थळाचा मूळ मजकूर तसाच उघडा आणि त्यातल्या किती ओळी वाचता येतात ते मोजा.