सातपुड्याचें सरकारकडे असलेलें येणें

नर्मदेवरील सरदार सरोवराचें धरण १३८.६८ मीटर उंचीपर्यंत चढविलें गेलें आणि २०१९ च्या सप्टेंबरांत तें पहिल्यानेंच काठोकाठ भरलें. त्या निळ्या पाण्याचे फोटो सर्वांनीं पाहिले. त्या पाण्यानें आपल्याच महाराष्ट्रांतलीं, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं ३३ गांवें बाधित झालीं, हें पुण्यामुंबईच्या किती शहाण्यांस ठाऊक आहे? धरणाच्या विजेंत शेंकडा २७ हिस्सा महाराष्ट्राचा. ती वीज आमच्या घरांत जळते, आणि जे भिल्ल, पावरा, तडवी लोक तिच्यासाठीं उठले, ते कोणी वसाहतींत, कोणी पाण्याच्या वर डोंगराच्या कुशींत जाऊन बसले आहेत.

जमिनीच्या प्रश्नावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तें मी येथें उगाळीत नाहीं. मी खेड्यांतला शाळामास्तर. मला शाळा कळते, आणि शाळेंत उपाशी किंवा तापलेलें येणारें पोर कळतें. त्यापुरतेंच बोलतों.

१९७९ सालीं नर्मदा पाणी तंटा लवादानें निवाडा दिला. खातेदार कुटुंबास निदान २ हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब, हीं कलमें सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु त्याच निवाड्यांत असेंही लिहिलें आहे कीं, नव्या वसाहतींत दर १०० कुटुंबांमागें तीन खोल्यांची एक प्राथमिक शाळा, दर ५०० कुटुंबांमागें एक दवाखाना, आणि दर ५० कुटुंबांमागें पिण्याच्या पाण्याची एक विहीर द्यावी. पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय कोणाचें बुडवूं नये, हेंही त्यांतच आहे. वाचकहो, याचा अर्थ काय? शाळा आणि दवाखाना हा जमिनीच्या किंमतीचाच भाग ठरला. आणि आमचे कारभारी मात्र वसाहतींत एक खोली बांधली कीं फीत कापावयास जातात! देणेकऱ्यानें आपलें देणें फेडावें, तेंही अर्धेंमुर्धें, आणि वर दानशूर म्हणून हार घालून घ्यावेत, असा हा प्रकार आहे.

बरें, हीं १०० कुटुंबें मोजतो कोण? यादी मोजते. यादींत नांव असेल तो 'घोषित', नसेल तो 'अघोषित'. हे कचेरीचे शब्द आहेत, माझे नव्हेत. घोषित होण्यासाठीं माणसांनीं वर्षानुवर्षें तहशिलीच्या पायऱ्या झिजविल्या. अघोषित बापाच्या पोराला काय म्हणावयाचें? त्याचा ताप तरी यादी पाहून येतो काय? यादीवर बेतलेल्या शाळेंत यादीबाहेरचीं मुलें येणारच, तीं येतात तेव्हां बसावयास जागा आणि खावयास खिचडी कमी पडणारच.

उठलेल्या घरांतलें मूल जूनमध्यें एका गांवीं असतें, दिवाळीनंतर दुसऱ्या. जुन्या शाळेंतलें नांव गैरहजेरीमुळें कापलें जातें आणि नवी शाळा दाखला मागते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो कीं, वयाच्या पुराव्यावांचून प्रवेश अडवूं नये, आणि वयाला शोभेल त्या वर्गांत बसवून मागें पडलेलें शिकवावें. कायदा दिल्लीस होतो, अडवणूक हेडमास्तरच्या टेबलापाशीं होते. माझ्याच पेशाविरुद्ध मी हें लिहितों आहें, पण खरें आहे.

सर्वांत मोठी गोष्ट बोलीची. ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस घोकून घेतलें होतें कीं, ज्ञातावरून अज्ञाताकडे न्यावें. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलास आमची पुस्तकी मराठी अज्ञात, आणि तिच्यांतून द्यावयाचें ज्ञानही अज्ञात. तें मूल गप्प बसतें. मास्तर शेरा मारतो, 'मंद'. दोन वर्षांनीं तें ढोरांमागें जातें, आणि तालुक्याच्या बैठकींत साहेब सांगतात, या लोकांस शिक्षणाची गोडीच नाहीं.

गोडी नाहीं? १९९३ च्या पावसाळ्यांत मणिबेलीच्या घरांत पाणी शिरलें. त्याच काळांत, १९९० नंतरच्या दोनतीन वर्षांत, नर्मदा बचाव आंदोलनाच्या पाठबळावर या लोकांनीं काठावर जीवनशाळा काढल्या. बांबू त्यांचे, श्रमदान त्यांचें, मास्तर त्यांच्यांतलेच चार बुकें शिकलेले तरुण. प्रथम पोराच्या बोलींतून, मग मराठींतून. पाणी चढलें तशी शाळा वर सरकविली. अशा बापांस गोडी नाहीं म्हणणाऱ्याची जीभ कशी झडत नाहीं! शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत शिक्षण सक्तीचें केलें, तेव्हां पोरास शाळेंत न धाडणाऱ्या बापास महिना १ रुपया दंड ठेवला. आज जेथें बाप पोरास घेऊन दारांत उभा आहे आणि आंत मास्तरच नाहीं, तेथें तो रुपया कोणाकडून वसूल करावा?

दवाखान्याचें थोडक्यांत सांगतों. डोंगरी व आदिवासी मुलुखांत ३००० वस्तीस एक उपकेंद्र, असें सरकारी माप आहे. हें माप डोकीं मोजतें, वाट मोजत नाहीं. सरोवर झाल्यावर काठाच्या जुन्या पाऊलवाटा पाण्याखालीं गेल्या. जो पाडा चालत गांठतां येई, तेथें आतां नाव लागते. बोटीवरचा तरंगता दवाखाना निघाला, ही चांगली सोय झाली. पण बाळंतीण कांहीं बोटीच्या वाराची वाट पाहत नाहीं. शिवाय या समाजांत सिकलसेलचा रक्तदोष आहे. त्याच्या पोरास एकदां गोळ्या देऊन भागत नाहीं, जन्मभर नजर ठेवावी लागते. घर हललें कीं त्याचा कागद हरवतो, आणि नवा डॉक्टर पहिल्यापासून विचारूं लागतो.

म्हणून जिल्हाधिकारी व जिल्हा परिषद यांजकडे आमचें मागणें आहे. शाळा व दवाखाना यांसाठीं यादी न धरतां चुली मोजा, घोषित असोत वा अघोषित. पहिली-दुसरीस बोली जाणणारा मास्तर द्या. जीवनशाळांतून शिकून निघालेले तरुण आहेत, त्यांस आधीं विचारा. नर्स व मास्तर यांस वसाहतींतच राहण्यास खोली बांधा. आणि १९७९ च्या निवाड्याप्रमाणें कोणत्या वसाहतीस काय द्यावयाचें होतें, काय दिलें, काय राहिलें, हें प्रत्येक वसाहतीच्या पंचायतघरावर मोठ्या अक्षरांत लावा. वाचून दाखविण्यास चौथीचें पोर पुरे.